व्याह्यांची पलटन

हरिहर दामल्यांना स्वयंपाकातलं एकच काम येत होतं, दूध तापवणं. तेही दोनदा सांगावं लागायचं, कारण दूध गॅसवर ठेवून ते पेपर वाचायला बसत. टेलिफोन खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातले सगळे पंखे उघडून साफ केले, इस्त्रीची वायर बदलली, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचं बटण दुरुस्त केलं, आणि मग करण्यासारखं काही उरलं नाही. त्यांच्या बायकोला, नीलाला, वाटायचं की यांना आता एखादा छंद लागावा. पण तो स्वयंपाकाचा असेल असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

झालं असं की मार्चमधल्या एका रविवारी दामले नवरा-बायको डोंबिवलीहून बाळकुमला मुलीकडे जेवायला गेले होते. त्यांच्या लेकीला, कादंबरीला, सातवा महिना लागला होता. दोन वर्षांपूर्वी तिने भोईरांच्या हर्षितशी लग्न केलं होतं. भोईर बाळकुमचे मूळचे आगरी. एकेकाळी त्यांची भातशेती होती, खाडीच्या बाजूला मिठागर होतं. आता त्या जमिनीवर टॉवर उभे होते आणि त्यांच्यामध्ये भोईरांचा दुमजली बंगला, पुढे तुळस, मागे ओटा. हर्षितचे वडील नाथाशेठ म्हणजे भरदार आवाजाचे, गळ्यात जाड साखळी घालणारे गृहस्थ. त्यांची बायको गोदाताई सुनेला तळहातावर ठेवत होती.

दोन्ही विहिणींचं चांगलं जमलं होतं. त्या फोनवर तासन्‌तास बोलत. व्याह्यांचं मात्र अडकलं होतं. भेटले की हरिहर विचारत, "मग, काय म्हणता?" नाथाशेठ म्हणत, "बस, चाललंय. गारी नीट लागली ना?" गाडी नीट लागलेली असायची. त्यानंतर दोघं आपापल्या मोबाईलमध्ये बघत बसत.

त्या रविवारी जेवण झाल्यावर गोदाताईंनी सुनेच्या पाठीवरून हात फिरवत विचारलं, "गो बाय, तुला कायच कसं खावासं वाटत नाय? मना हर्षितच्या टायमाला सारखी बोरं लागायची. तू काय तरी सांग ना."

कादंबरी आधी नको नको म्हणाली. मग हळूच म्हणाली, "आई, वाटतं खावंसं. पण ते इथे मिळतच नाही."

"काय ते सांग तरी."

"प्लॅन्टेन टार्ट."

कोणालाच काही कळलं नाही. मग तिने समजावून सांगितलं. लग्नाआधी कंपनीने तिला बंदराच्या सॉफ्टवेअरच्या कामासाठी वर्षभर जमैकाला पाठवलं होतं. तिथे ती एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी वरच्या खोलीत राहायची. त्या आजी दर शनिवारी हे टार्ट भाजायच्या आणि पहिलं गरम गरम हिला जिन्यातून हाक मारून द्यायच्या.

"करंजीसारखं असतं," कादंबरी म्हणाली, "पण तळलेलं नाही, भाजलेलं. वरून खुसखुशीत, पापुद्रे सुटतात. आत पिकलेल्या केळ्याचं सारण, दालचिनी, जायफळ. आपलं नेहमीचं केळं नाही, ते मोठं, जाड सालीचं, शिजवून खायचं. गेला आठवडाभर मला झोपेत वास येतोय त्याचा."

हर्षितने तिथल्या तिथे मोबाईलवर शोधलं. ठाण्यात केळ्याचा ब्रेड मिळत होता, केळ्याचे मफिन मिळत होते, हे मात्र कुठेच नव्हतं. नीला म्हणाली, "मी केळ्याचं शिकरण करून देऊ का?" कादंबरी कसनुसं हसली.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "मी करतो."

सगळ्यांनी वळून पाहिलं. बोलणारे हरिहर होते.

"तुम्ही?" नीला म्हणाली.

"त्यात काय आहे? कृती असते, माप असतं, तापमान असतं. त्याप्रमाणे करायचं."

नीला इतकी हसली की तिला ठसका लागला. गोदाताईंनी पाणी आणून दिलं. नाथाशेठ मात्र हसले नाहीत. ते व्याह्यांकडे जरा कुतूहलाने बघत राहिले.

*

हरिहरनी काम मनावर घेतलं. कादंबरीने जमैकाच्या आजींना मेसेज केला आणि त्यांनी कृती बोलून पाठवली. त्या मधेच हसत होत्या, मधेच कोंबड्यांना हाकलत होत्या, आणि माप म्हणून 'मूठभर' आणि 'पुरेसं' एवढंच सांगत होत्या. हरिहरनी ते सगळं पुन्हा पुन्हा ऐकलं. आयुष्यभर दोष शोधण्यासाठी टेलिफोनच्या तारांवरची खरखर ऐकलेल्या माणसाला ते जड गेलं नाही.

केळी आणायला ते डोंबिवलीतल्या एका केरळी दुकानात गेले. तिथे लांबच लांब, हिरवीगार केळी टांगलेली होती.

"चिप्स के लिए?" दुकानदाराने विचारलं.

"नहीं, टार्ट के लिए," हरिहर ऐटीत म्हणाले.

त्यातली जरा पिवळट दिसणारी त्यांनी निवडून घेतली. घरी ओव्हन नव्हता, म्हणून कुकरच्या तळाला मीठ घालून, शिट्टी काढून, त्यात ताटली ठेवायची असं त्यांनी व्हिडिओत पाहून ठरवलं. नीलाला त्यांनी स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. ती हॉलमध्ये टीव्हीचा आवाज बंद करून आतले आवाज ऐकत बसली. आधी काहीतरी पडलं. मग बराच वेळ शांतता. मग नळ जोरात सुरू झाला. मग हरिहर डोकावून म्हणाले, "मैदा आणखी आहे का गं?"

दुपारी चार वाजता ताटलीत जे तयार झालं ते अर्धचंद्राच्या आकाराचं होतं एवढं कबूल करायला हवं. वरचं आवरण कडक होतं आणि आतल्या केळ्याला तुरट चव आली होती. नीलाने एक तुकडा तोंडात टाकला आणि नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून नुसतं म्हणाली, "कादंबरीला आवडेल. वडिलांनी केलंय ना."

हरिहरनी ती टार्टं स्टीलच्या डब्यात भरली, गाडी काढली आणि माणकोलीच्या नव्या पुलावरून थेट बाळकुम गाठलं.

कादंबरीने डबा उघडला, वास घेतला आणि एक उचललं. पहिला घास चावायला तिला वेळ लागला. सगळे बघत होते. तिने दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, आणि अख्खं टार्ट संपवलं. "छान झालंय, बाबा," ती म्हणाली. "दुसरं मी संध्याकाळी खाईन."

नाथाशेठनीही एक उचललं होतं. त्यांनी दाढेखाली धरून बघितलं, गालाला हात लावला, आणि उरलेला तुकडा हळूच रुमालात बांधून खिशात ठेवला.

हरिहर निघाले तेव्हा ते गाडीपर्यंत सोडायला आले. हरिहर दार उघडून उभे राहिले आणि म्हणाले, "चांगलं झालं नाही. मला कळतं. तिने माझ्यासाठी खाल्लं."

"पन खाल्लं," नाथाशेठ म्हणाले. "ते बघून मना कसंतरीच झालं. पोरीला खावासं वाटतंय आन् ती आपल्यालाच सांभालते." ते थोडे घुटमळले. "व्याही, एक बोलू का? तुमचा हात चुकला नाय. केली चुकली. ती चिप्सवाली केली, ती पन कच्ची. याला आपली राजेली केली पायजेत. माजी आई पिकलेली राजेली वाफवून, तूप-गूल घालून द्यायची. तोच वास सांगत होती सूनबाय."

"राजेळी? कुठे मिळतील?"

"माजी बहीन हाय आंबिवलीला, हौसाबाई. तिच्या परसात झाडं हान. उद्या येता का? मी नेतो."

हरिहरनी लग्नानंतर पहिल्यांदाच व्याह्यांकडे नीट पाहिलं. "येतो की," ते म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी दोघं नाथाशेठच्या जीपमधून निघाले. कशेळीचा पूल ओलांडला, भिवंडीतून कल्याणला आले आणि दुर्गाडीपाशी अडकले. पुढे ट्रक, मागे ट्रक. गाडी बंद करून बसल्यावर गप्प बसणं दोघांनाही अवघड झालं. हरिहरनी विचारलं की जीपचा असा आवाज का येतो. नाथाशेठ म्हणाले, मेकॅनिकला सापडत नाही. हरिहर खाली उतरले, बॉनेट उघडायला लावलं, वाकून ऐकलं आणि एक सैल झालेला पट्टा दाखवला. वाहतूक सुटली तरी ते दोघं आत डोकं घालून उभे होते. मागच्या ट्रकवाल्यांनी हॉर्नचा नुसता कल्ला केला.

आंबिवलीला हौसाबाई दारातच उभ्या होत्या. ठेंगणीशी, काटक बाई. घराच्या मागे केळीचं दाट बन होतं आणि एका झाडावर मोठा घड पिवळा पडायला लागला होता.

"एवरी केली कोनाला?" त्यांनी भावाला विचारलं.

"कादंबरीला डोहाले लागलेत. त्याची करंजी कराची हाय. भट्टीतली."

"गोदा करनार?"

"नाय. आमी दोघं."

हौसाबाईंनी आधी भावाकडे पाहिलं, मग डोंबिवलीच्या व्याह्यांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं, आणि पायरीवर बसून हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला, डोळे पुसले आणि पुन्हा हसल्या. शेवटी उठून त्यांनी स्वतः कोयत्याने चार फण्या काढून दिल्या.

"ऐका," त्या हरिहरना म्हणाल्या, कारण भावाच्या अकलेवर त्यांचा विश्वास दिसत नव्हता. "साल काली पडल्याबिगर हात लावू नका. पिवली झाली की घाई करतात सगले. पार काली, मऊ, फेकून देवासारखी दिसली का मग करा. आन् पोरीला सांगा, आत्या येनार हाय भेटायला."

फण्या बाळकुमच्या कोठीच्या खोलीत तांदळाच्या पिंपावर गोणपाटाखाली ठेवल्या गेल्या आणि वाट बघणं सुरू झालं. आता रोज सकाळी डोंबिवलीहून बाळकुमला फोन जाऊ लागला.

"कसं आहे आज?" हरिहर विचारत.

"पिवलं."

"ठिपके?"

"दोन-चार हान."

"मऊ लागतं का दाबून?"

"दाबू नका बोलली ना हौसा!"

एके दिवशी हरिहर गॅलरीत फिरत मोठ्याने म्हणाले, "काय सांगता, पूर्ण काळं पडलं? वा! वा! अभिनंदन!" शेजारच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बाई दचकून आत गेल्या. संध्याकाळी त्यांनी नीलाला जिन्यात गाठून विचारलं, "तुमच्याकडे सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे हो," नीला म्हणाली. "केळी पिकली आमची."

*

करण्याचा दिवस ठरला तेव्हा दोघा व्याह्यांनी एक अट घातली. घरात कोणी नको. योगायोगाने त्या दिवशी कादंबरीला माजिवड्याला डॉक्टरांकडे जायचं होतं, आणि तिथून डोहाळजेवणाची हिरवी साडी घ्यायची होती. गोदाताई आणि नीला तिच्याबरोबर निघाल्या. जाताना गोदाताई तीनदा परत आल्या. एकदा गॅस कसा बंद करायचा ते सांगायला, एकदा मैदा कुठे आहे ते सांगायला, आणि एकदा नुसतंच बघायला.

भोईरांच्या स्वयंपाकघरात भिंतीत बसवलेला मोठा ओव्हन होता. बंगला बांधताना इंटिरिअरवाल्याने बसवला होता. हरिहरनी दार उघडलं तर आत तीन कढया, दोन तवे, पोळपाट, पुरणयंत्र आणि प्लास्टिकच्या डब्यांची झाकणं नीट रचून ठेवलेली.

"हे काय?"

"कपाट हाय ते," नाथाशेठ म्हणाले. "आमाला वाटलं कपाटच हाय. काच का लावली ते कलत नव्हतं, एवढंच."

कपाट रिकामं झालं. बटण दाबल्यावर आत दिवा लागला तेव्हा दोघंही खूश झाले.

केळी सोलली तर आतून मधासारखा रंग. नाथाशेठनी ती कढईत तुपावर घातली, गूळ टाकला, दालचिनी टाकली. हरिहर जायफळ किसत होते. किसता किसता थांबून ते म्हणाले, "हाच वास सांगत होती ती." नाथाशेठनी कढईवर वाकून डोळे मिटले. "आईचा वास हाय," ते म्हणाले, आणि मग जास्तच जोरात ढवळायला लागले.

सारण झालं. पिठाने मात्र घोटाळा केला. जमैकाच्या आजींचं म्हणणं होतं की लोणी बर्फासारखं गार हवं आणि मैद्यात ते बोटांच्या टोकांनी चोळायचं, वितळू द्यायचं नाही. मार्चची दुपार होती. हरिहरनी लोणी मैद्यात टाकलं आणि चोळायला सुरुवात केली, तर त्याचा चिखल व्हायला लागला.

"थांबा, थांबा," ते म्हणाले. "वितळतंय. फ्रीजमध्ये ठेवू."

फ्रीज मात्र डोहाळजेवणाच्या नारळांनी, भाज्यांनी आणि दुधाच्या पिशव्यांनी ठासून भरला होता. परात जाण्याजोगी जागाच नव्हती. नाथाशेठ बाहेर गेले आणि ओट्यावरून एक मोठा थर्माकोलचा खोका घेऊन आले. फ्रीजरमधला सगळा बर्फ त्यांनी त्यात ओतला.

हरिहरनी खोका ओळखला. दर रविवारी नाथाशेठ त्यातूनच मासळी आणत. हरिहर जन्माचे शाकाहारी. परात हातात धरून ते तसेच उभे राहिले.

नाथाशेठच्या ते लक्षात आलं. "धुतलेला हाय, व्याही," ते हलक्या आवाजात म्हणाले. "सोडा लावून. पन तुमाला चालत नसल तर राहू दे. दुसरं काय तरी करू."

हरिहरनी खोक्यात वाकून वास घेतला. मासळीचा वास नव्हता असं नाही, पण अगदी पुसट होता. त्यांना त्या टार्टचा तो पहिला घास आठवला, आणि लेकीचा चावत राहिलेला चेहरा.

"परात धरा," ते म्हणाले. "आणि बर्फ वरपर्यंत येऊ दे."

बर्फावर परात ठेवून त्यांनी पीठ चोळलं. या वेळी ते रवाळ झालं. नाथाशेठ लाटायला बसले. त्यांचे हात मोठे, लाटी इवलीशी. पहिल्या चारी लाट्या नकाशातल्या देशांसारख्या झाल्या. मग हरिहरनी वाटीने गोल कापायची युक्ती काढली. सारण भरायचं, दुमडायचं, कडा काट्याने दाबायच्या. "पलटन," नाथाशेठ म्हणाले. त्यांना प्लॅन्टेन हा शब्द काही केल्या जमत नव्हता. "बघा, कशी उभी राहिली आपली पलटन."

ट्रे भरला. हरिहरनी ओव्हनचं बटण फिरवलं, आणि त्याच क्षणी वीज गेली.

दोघांनी आधी एकमेकांकडे, मग बटणाकडे पाहिलं. "मी काही केलं नाही," हरिहर म्हणाले. नाथाशेठनी खिडकीतून बाहेर हाक मारून विचारलं. रस्त्यावर केबलचं काम चालू होतं, तासाभरात येईल असं उत्तर आलं.

"मग आता?"

"आता खोक्यात," नाथाशेठ म्हणाले. पलटन बर्फावर ठेवून झाकण लावलं गेलं.

मागच्या ओट्यावर वारा होता. दोघं हातावरचं पीठ झाडत तिथे जाऊन बसले. समोर दोन टॉवर आकाशात गेले होते. कुठल्याशा गॅलरीत कोणाचं तरी बाळ रडत होतं.

"तो डावीकडचा हाय ना," नाथाशेठ बोट दाखवत म्हणाले, "तिथं आमचं भात होतं. पलीकडं खाडीच्या अंगाला मिठागर. मी लहानपनी पायात फोड घेऊन मीठ ओढलंय. हर्षितला सांगितलं तर त्याला खरं वाटत नाय."

हरिहरनी नखातलं पीठ कोरून काढलं. मग म्हणाले, "नाथाशेठ, लग्नात मी तुमच्याशी धड बोललो नाही."

"नाय बोललात."

"तुम्हाला राग आला असेल."

"राग नाय. गोदाला मी बोललो, डोंबिवलीच्या लोकांना आपलं घर पसंत पडलं नाय बहुतेक. मोठ्या आवाजात बोलतो आपन. हळदीला डीजे लावलेला." ते हसले, पण व्याह्यांकडे न बघता.

"तसं नव्हतं हो," हरिहर म्हणाले. "मला वाटत होतं, पोरगी लांब चालली."

"डोंबिवलीहून बाळकुमला? आन् जमैकाला गेली तवा?"

"तेव्हा ती परत येणार होती," हरिहर म्हणाले.

नाथाशेठ वळून त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना मुलगी नव्हती. त्यांनी पिठाचा हात व्याह्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर, पाठीच्या मधोमध ठेवला. तिथे पाच बोटं पांढरी उमटली.

"इथं येत जा ना मग," ते म्हणाले. "नुसते रविवारी पाहुन्यासारखे कशाला येता? मना पन दुपारी कोन नसतं बोलायला. गोदा टीव्हीवर शिरेल बघते."

"येतो," हरिहर म्हणाले. "आता ओव्हनही आहे."

तेवढ्यात आत फ्रीज घरघरला. वीज आली होती. दोघं साठी ओलांडलेले गृहस्थ पोरांसारखे धावत आत गेले.

*

बायका परत आल्या तेव्हा फाटकापाशीच वास आला. गोदाताईंनी नाक वर केलं. "माज्या घरातून येतोय का शेजारून?" त्या म्हणाल्या.

आत गेल्यावर त्यांना वेगळंच दृश्य दिसलं. स्वयंपाकघराच्या फरशीवर, ओव्हनच्या काचेसमोर, दोन्ही व्याही मांडी घालून बसले होते. नाथाशेठच्या साखळीला पीठ लागलं होतं, हरिहरांच्या चष्म्याला. आत दिव्याच्या उजेडात टार्टं फुगून सोनेरी होत होती आणि दोघं ती एखाद्या क्रिकेटच्या मॅचसारखी बघत होते.

"उठा आता," नीला म्हणाली.

"उठता येत नाहीये," हरिहर म्हणाले. "दोघांचेही गुडघे धरलेत. पण थांब, अजून रंग यायचाय."

रंग आला. विहिणींनी मिळून दोघांना उठवलं. हरिहरनी ट्रे बाहेर काढला. नाथाशेठनी त्यातलं सगळ्यात चांगलं निवडून ताटलीत घातलं आणि खुर्चीत बसलेल्या कादंबरीला नेऊन दिलं. मग दोघं जरा लांब, भिंतीला टेकून उभे राहिले.

कादंबरीने फुंकर घालून घास घेतला. पापुद्रा तुटल्याचा बारीक आवाज सगळ्यांनी ऐकला. ती थांबली. तिने डोळे मिटले. मग दुसरा घास, तिसरा, बोटाला लागलेलं सारण चाटलं, आणि ताटली पुढे केली.

"आणखी."

"म्हणजे जमलं?" हरिहरनी विचारलं.

"बाबा, हेच. अगदी हेच." तिचा हात परत ट्रेकडे गेला होता. "आजी जायफळ थोडं जास्त घालायच्या. पण हेच."

"बघा, मी बोललो होतो अजून जायफल टाका," नाथाशेठ म्हणाले.

"तुम्ही म्हणाला होतात बस्स!"

"मी बस बोललो ते गुलाला!"

गोदाताईंनी एक टार्ट घेतलं, नीलाने एक. गोदाताई सावकाश खात होत्या आणि रिकाम्या ओव्हनकडे बघत होत्या. "म्हणजे हा चालतो?" त्या म्हणाल्या. "मंग माझ्या कढया आता ठेवायच्या कुठं?"

कादंबरीने जमैकाला व्हिडिओ कॉल लावला. तिथे सकाळ होती. आजींनी टार्ट कॅमेऱ्याजवळ धरायला लावलं, तोडून दाखवायला लावलं, आणि मग विचारलं की केलं कोणी. कादंबरीने फोन दोघांकडे वळवला. आजी त्यांच्याकडे बघून इतक्या हसल्या की नाथाशेठ हळूच म्हणाले, "ही आमच्या हौसासारखीच हाय."

*

डोहाळजेवणाला हौसाबाई आंबिवलीहून आणखी दोन फण्या घेऊन आल्या. बायकांनी ठरवून टाकलं होतं की गोड म्हणून पलटनच होणार, आणि ती करणारे दोघं आदल्या दिवसापासून स्वयंपाकघरात होते. हरिहर मुक्कामालाच आले होते. शेजारच्या टॉवरमधल्या करिश्माने, जी कादंबरीबरोबर संध्याकाळी फिरायला जायची, मोगऱ्याच्या कळ्यांचे दागिने करून आणले. हिरव्या साडीत कादंबरी पाटावर बसली तेव्हा बंगला बायकांनी भरून गेला होता.

ओटी भरून झाली, गाणी झाली. मग दोन झाकलेल्या वाट्या पुढे आल्या. एकीत पेढा असतो, एकीत बर्फी. जी वाटी उघडेल त्यावरून मुलगा की मुलगी ते बायका ओरडून ठरवतात. कादंबरीने हात फिरवला, दोन्ही झाकणांवर बोट नाचवलं आणि उजवीकडची उघडली.

आत इवलीशी पलटन होती.

बायकांचा ओरडा ओठावरच राहिला. नीलाने घाईघाईने डावीकडची उघडली. तिच्यातही पलटनच.

"कोनी केलं हे?" गोदाताईंनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून विचारलं.

दारात दोन्ही व्याही उभे होते. नाथाशेठनी ॲप्रन घातला होता आणि हरिहरांच्या हातात ट्रे होता. "दोघांनी ठरवूनच केलं," नाथाशेठ म्हणाले. "जो येल तो येऊ दे. नायतर जी येल ती. आमची दोघांची तयारी हाय."

हौसाबाई हसायला लागल्या आणि त्यांच्यामागे सगळा बंगला. कादंबरीने दोन्ही वाट्यांतली पलटन उचलली, आळीपाळीने दोन्हींचा घास घेतला आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, आज जायफळ बरोबर आहे."

"मी घातलंय," नाथाशेठ म्हणाले.

"किसलं मी," हरिहर म्हणाले, आणि दुसरा ट्रे जळेल म्हणून घाईघाईने आत गेले.